हत्यारपेटी घेताना रंग नको, पत्रा बघा

गहू ओंबीवर आलेला असतो. पाण्याची पाळी चुकवून चालणार नसते. वीज येते, मोटार सुरू होते आणि नेमके त्याच वेळी फ्लँजच्या जोडातून पाणी उडू लागते. काम म्हणाल तर पाच मिनिटांचे, दोन बोल्ट आवळायचे. पण चोवीसचा पाना सापडत नाही. 'काल तर इथंच होता' असे एक म्हणतो, 'ट्रॅक्टरवाल्यानं नेला असंल' असे दुसरा म्हणतो. पाना शोधायला मोटारसायकल गावात जाते, परत येते, तोवर दोन तास गेलेले असतात. ज्या फीडरला अजून पाळीने वीज मिळते तिथे हे दोन तास परत मिळत नाहीत. पाच मिनिटांच्या कामाने अर्धा एकर कोरडा राहतो.

आपल्या जिल्ह्यात शेतीतील यंत्रे झपाट्याने वाढली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून आजपर्यंत शहादा-तळोद्याच्या केळी-पपईच्या बागांत ठिबक आले, तापीकाठच्या उसाला ट्रॅक्टर आला, फवारणीला एचटीपी पंप आले, डोंगराकडे सौर पंप पोहोचले. यंत्र आले म्हणजे नट-बोल्ट आले आणि नट-बोल्ट आले म्हणजे हत्यारे आली. पण ही हत्यारे बहुतेकांकडे अजून खताच्या रिकाम्या गोणीत, तेलाच्या कापलेल्या डब्यात नाहीतर ट्रॅक्टरच्या सीटखाली पडलेली असतात. ट्रॅक्टर घेताना आपण चार गावे फिरतो, दहा जणांना विचारतो. हत्यारपेटी मात्र दुकानात टांगलेली, लाल रंगाची, चकचकीत दिसली की दोन मिनिटांत उचलतो. एका पावसाळ्यात तिची कडी तुटते, तळ कुजतो आणि हत्यारे पुन्हा गोणीत जातात.

शेतकरी बंधूंनो, पेटी ही शोभेची वस्तू नाही. आपल्या जुन्या कारागिरांना हे चांगले कळत होते. न्हाव्याची धोकटी, सुताराची हत्यारपेटी यात वस्तूची जागा ठरलेली असे आणि अंधारातही हात बरोबर त्या वस्तूवर जाई. शेतकऱ्याला आज तीच गरज आहे.

आधी हत्यारे, मग पेटी

पेटी घ्यायला निघण्याआधी घरातली, खळ्यातली, पंपघरातली सगळी हत्यारे गोळा करून एका ताडपत्रीवर पसरावीत. मग त्यांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग रोज लागणाऱ्या हत्यारांचा: दुतोंडी पाने, रिंग पाने, स्क्रू पाना, पक्कड, पेचकस, टेस्टर, हातोडी, चाकू, इन्सुलेशन टेप, टेफ्लॉन टेप. दुसरा ढीग कधीमधी लागणाऱ्या जड हत्यारांचा: मोठा पाईप पाना, घण, जॅक, साखळी, ग्रीस गन. तिसरा ढीग बारीक सामानाचा: नट, बोल्ट, वायसर, कॉटर पिना, ठिबकचे ग्रोमेट आणि जॉइनर, फ्यूजची तार.

हे तिन्ही ढीग एकाच पेटीत कोंबायचे नाहीत. पहिला ढीग हातात धरून बांधावर न्यायच्या पेटीचा. दुसरा ढीग घरी किंवा ट्रॅक्टरवर कायम राहणाऱ्या मोठ्या पेटीचा. तिसरा ढीग झाकणाच्या लहान डब्यांचा; हे डबे पहिल्या पेटीत बसले पाहिजेत. इतके ठरले की पेटीचे माप आपोआप ठरते.

लांबी ठरवताना पेटीत जायचे सर्वांत लांब हत्यार मोजावे. हॅक्सॉचे पाते १२ इंची असले तरी फ्रेम आणि मूठ धरून ती १६-१७ इंच भरते. १४ इंची पाईप पाना असतोच. म्हणून हातपेटी आतून १८ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ९ इंच उंच असली तर बहुतेक शेतकऱ्यांचे काम भागते. माप बाहेरून नव्हे, आतून घ्यावे. दुकानातल्या चिठ्ठीवर बऱ्याचदा बाहेरचे माप असते आणि हॅक्सॉ घरी आल्यावर बसत नाही.

हत्यारे पसरली असतानाच एक गोष्ट तपासून घ्यावी. काही जुन्या ट्रॅक्टरांना इंची मापाचे नट असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात. इंची पाने आणि मिलिमीटरचे पाने वेगळ्या कप्प्यात ठेवावेत, इंची पान्यांवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यावा. हे वेगळे कप्पे पेटीत हवेत की नकोत, हेही इथेच ठरते.

पेट्यांचे प्रकार

बाजारात साधारण पाच प्रकार दिसतात.

साधी पत्र्याची पेटी. एक झाकण, एक मूठ, आत फार तर एक सुटी तबकडी. मजबूत, स्वस्त, दुरुस्तीला सोपी. ट्रॅक्टरवर किंवा पंपघरात ठेवायला हीच बरी. दोष एवढाच की तळातले हत्यार काढायला वरचे सगळे उपसावे लागते.

उघडणारी कप्प्यांची पेटी. मूठ दोन्हीकडे ओढली की तीन किंवा पाच कप्पे पायऱ्यांसारखे उघडतात. वायरमन आणि मेकॅनिक मंडळी हीच वापरतात. सगळी हत्यारे एका नजरेत दिसतात हा मोठा फायदा. पण हिचे सारे आयुष्य कप्पे जोडणाऱ्या पट्ट्यांवर आणि त्यांच्या रिव्हेटांवर असते. पट्टी पातळ असेल तर वर्षभरात कप्पे एका बाजूला कलतात आणि झाकण मिटत नाही. शिवाय बांधावर, उतारावर उघडली की ती कलंडते. जड हत्यारे नेहमी तळाच्या कप्प्यात ठेवावीत.

प्लास्टिकची पेटी. हलकी, गंजत नाही, पाण्याला चांगली. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उन्हात राहिलेले साधे प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते आणि कडीजवळ तडकते. सावलीत राहणार असेल, ठिबकच्या आणि विजेच्या हलक्या सामानासाठी हवी असेल तर जरूर घ्यावी. घण आणि पाईप पाना तिच्यात टाकू नये.

लाकडी पेटी. सुताराच्या हातची सागवानी पेटी आजही पंचवीस वर्षे टिकते. हत्यारांना ती मऊ असते आणि उन्हात पत्र्याइतकी तापत नाही. मात्र जड होते आणि ओल्या जमिनीवर ठेवली तर वाळवी लागते. घरच्या कार्यशाळेत भिंतीला लावून ठेवायला उत्तम, शेतात न्यायला नाही.

जाड कापडाची गुंडाळी. कॅनव्हासच्या पट्टीला खण शिवून त्यात एकेक पाना घालायचा आणि गुंडाळून दोरीने बांधायचे. हिला कोणी पेटी म्हणणार नाही, पण मोटारसायकलवर न्यायला हिच्यासारखी सोय नाही. गावातला शिंपी जुन्या ताडपत्रीची बनवून देतो. डोंगरात, जिथे पेटी खांद्यावर घेऊन चढायचे असते, तिथे हिचा विचार करावा.

पत्र्याची जाडी वजनाने कळते

पत्र्याच्या पेटीत सगळे काही पत्र्यावर आहे. पत्रा गेजमध्ये मोजतात आणि इथे हिशेब उलटा असतो: आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, २२ गेज ०.७ आणि २४ गेज सुमारे ०.५५ मिलिमीटर. शेतात न्यायच्या हातपेटीला २२ गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नये. ट्रॅक्टरवर किंवा ट्रॉलीत आदळणाऱ्या पेटीला २० गेज हवा. अवजारे बँकेच्या किंवा कार्यशाळेच्या मोठ्या पेटीला तळ १८ गेजचा असला तर चिंता नाही.

दुकानदार बावीसचा सांगतो, पण रंग दिलेल्या पेटीचा पत्रा डोळ्याने ओळखता येत नाही. मापाची पट्टी आपल्याजवळ नसते. मग काय करायचे? पेटी काट्यावर ठेवायची. लोखंडाचा हिशेब ठरलेला आहे: एक चौरस मीटर पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर त्याचे वजन ७.८५ किलो भरते. १८ बाय ९ बाय ९ इंचांच्या बंद पेटीला सहा बाजू मिळून सुमारे साडेपाच चौरस फूट, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडा जास्त पत्रा लागतो. त्यावरून नुसत्या पत्र्याचे वजन असे येते:

२४ गेज: सुमारे २.३ किलो
२२ गेज: सुमारे २.९ किलो
२० गेज: सुमारे ३.७ किलो
१८ गेज: सुमारे ५ किलो

यात दुमडलेल्या कडा, बिजागरी, मूठ आणि कडी यांचे अर्धा ते एक किलो धरावे. म्हणजे या मापाची साधी पेटी २० गेजची म्हणून विकली जात असेल आणि काट्यावर तीन किलोही भरत नसेल, तर ती २० गेजची नाही. मिरची मोजायचा काटा आपल्याकडे घरोघर आहे, बाजारात तर प्रत्येक दुकानात आहे. पेटी वजन करून घ्यायला लाजू नये. कप्प्यांच्या पेटीला हा हिशेब जसाच्या तसा लागत नाही, कारण आत पत्रा जास्त असतो; तिथे एकाच मापाच्या दोन-तीन पेट्या काट्यावर ठेवून आपसात तुलना करावी.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. झाकण मिटवून मधोमध अंगठ्याने दाबावे. पत्रा डबकन् आत जाऊन परत वर आला तर तो पातळ आहे. झाकणावर दाब देऊन उठवलेल्या रेघा असतील तर त्याच गेजचा पत्रा जास्त ताठ राहतो.

पेटी मोडते ती जोडात

पेटीचा पत्रा फाटलेला क्वचितच दिसतो. मोडते ती मूठ, कडी आणि बिजागरी. म्हणून पत्र्यानंतर या तीन गोष्टी बघाव्यात.

मूठ गोल सळईची असावी, निदान ८ मिलिमीटरची. पत्रा वळवून केलेली मूठ भरल्या पेटीचे वजन घेऊन हाताला कापते. मूठ जिथे बसवली आहे तिथे आतल्या बाजूने जाड पट्टी हवी. नुसत्या पत्र्याला दोन रिव्हेट मारलेली मूठ पत्र्यासकट उपटून येते.

बिजागरी पेटीच्या पूर्ण लांबीची असली तर सर्वांत चांगले. तुकड्यांची असेल तर हातपेटीला निदान दोन आणि त्याही रिव्हेट मारलेल्या हव्यात. झाकण उघडून दोन्ही हातांनी आडवे हलवून बघावे. नव्या पेटीचे झाकण खडखडत असेल तर वर्षाने ते हातात येईल.

कडी-कोयंड्याला कुलूप घालून बघावे. कोयंडा पत्र्याचाच कापून वळवला असेल तर पेचकसाने उचकटतो. जाड पट्टीचा आणि आतून रिव्हेट ठोकलेला असावा. कुलूप घातल्यावर झाकणाचा कोपरा बोटाने उचलून बघावा; बोट आत जात असेल तर हातही जाईल.

कडा सगळ्या दुमडलेल्या असाव्यात. उघडी कड हात कापते आणि गंजही तिथूनच सुरू होतो. तळाला दोन पट्ट्या किंवा चार लहान पाय हवेत. पेटी जमिनीपासून अर्धा इंच उंच राहिली तरी तळ कुजण्याचे थांबते. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे.

पाऊस, खत आणि गंज

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागात पावसाळ्याचे तीन-चार महिने हवाच ओली असते. पेटी पाण्यात न भिजताही आत गंज चढतो. रंगाच्या आधी रेड ऑक्साइडचा हात दिलेला असावा. पावडर कोटिंग असेल तर ते जास्त टिकते, पण आतल्या कोपऱ्यात ते पोहोचले आहे का ते पाहावे. बाहेरून झकास आणि आतून नुसता पत्रा अशा पेट्या पुष्कळ येतात.

रंग कोणता घ्यावा? शेतात न्यायच्या पेटीला हिरवा रंग घेऊ नये. संध्याकाळी उसाच्या किंवा केळीच्या कडेला ठेवलेली हिरवी पेटी दिसत नाही. पिवळी, नारिंगी किंवा लाल घ्यावी.

झाकण बंद होते का हे तपासायला अंधाऱ्या खोलीत पेटीत बॅटरी लावून ठेवावी आणि झाकण मिटवावे. जिथून उजेड बाहेर येईल तिथून पाणी आत जाईल. झाकणाची कड पेटीवरून खाली उतरलेली असावी, म्हणजे वरचे पाणी बाहेर ओघळते.

पेटी खताच्या गोण्यांजवळ कधीच ठेवू नये. युरिया हवेतले पाणी ओढतो आणि म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड लोखंडाला खाते. खताच्या रिकाम्या गोणीत हत्यारे ठेवण्याची आपली सवय याच कारणाने महागात पडते. पेटीच्या तळाला जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा अंथरावा; हत्यारे वाजत नाहीत आणि रंग निघत नाही. गोणपाट अंथरू नये, ते ओल धरून ठेवते. हत्यारांवर महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्याचा हात फिरवला तर पावसाळा सुखाने जातो.

किती वजन उचलायचे?

पेटी मजबूत हवी, पण उचलता आली पाहिजे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्था 'नायोश' हिने उचलायच्या वजनाचे सूत्र १९९१ मध्ये सुधारले. त्यात सपाट जमिनीवर, दोन्ही हातांनी, शरीराजवळ धरून उचलायचे वजनही जास्तीत जास्त २३ किलो धरले आहे. आपण पेटी एका हातात धरून चिखलाच्या बांधावरून चालतो. म्हणून भरलेली हातपेटी १५ किलोच्या वर जाऊ देऊ नये. जात असेल तर सामान दोन पेट्यांत वाटावे. डोंगरातल्या वस्तीवर जायचे असेल तर दहा किलो पुष्कळ झाले.

दुकानात तपासायच्या दहा गोष्टी

१) आतून माप घेतले का? हॅक्सॉ बसते का?
२) पेटी काट्यावर ठेवून सांगितलेला गेज खरा आहे का?
३) झाकण अंगठ्याने दबते का?
४) मूठ गोल सळईची आहे का आणि आतून पट्टी आहे का?
५) बिजागरी रिव्हेटची आहे का? झाकण आडवे हलते का?
६) कुलूप घातल्यावर कोपऱ्यातून बोट जाते का?
७) सगळ्या कडा दुमडलेल्या आहेत का?
८) तळाला पाय किंवा पट्ट्या आहेत का?
९) आतल्या कोपऱ्यांना रंग पोहोचला आहे का?
१०) दुकानातच जड सामान भरून, उचलून, दहा पावले चालून पाहिले का?

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. दुकानदाराला सांगावे, 'दादा, थोडे पाने घाला यात, उचलून बघू द्या.' पेटी चांगली असेल तर दुकानदार नाही म्हणणार नाही. पावती मात्र अवश्य घ्यावी आणि तीवर पत्र्याचा गेज लिहून घ्यावा.

किमतीबाबत एक ढोबळ नियम ठेवावा. आत जितक्या रुपयांची हत्यारे राहणार, त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतका खर्च पेटीवर करायला हरकत नाही. नाशिकच्या टपारियाचे किंवा जालंधर-लुधियानाचे चांगले पाने घ्यायचे आणि ते शेकडा-दीडशे रुपये वाचवून घेतलेल्या डब्यात गंजवायचे, हा हिशेब जमणारा नाही.

गावातच बनवून घेतली तर?

तालुक्याच्या बाजारात पत्र्याच्या ट्रंका आणि कोठ्या बनवणारे कारागीर आहेत, गावोगाव वेल्डिंगची दुकाने आहेत. त्यांच्याकडून आपल्या मापाची पेटी बनवून घेता येते आणि ती बऱ्याचदा तयार पेटीपेक्षा सरस निघते, कारण तळ जाड, बाजू पातळ, मूठ दणकट असे आपण सांगू तसे होते. सांगताना मात्र कागदावर लिहून द्यावे: आतले माप, तळाचा गेज, बाजूंचा गेज, मुठीची सळई, बिजागरीची लांबी, पायांची उंची. 'मजबूत बनवा' एवढे सांगून भागत नाही.

एक काळजी घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा गंजत नाही म्हणून लोक तो मागतात. पण त्याला वेल्डिंग केले की जोडाजवळचा मुलामा जळतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. शिवाय त्याचा धूर कारागिराच्या छातीला वाईट. असा पत्रा वापरायचा तर दुमडून रिव्हेट मारावेत.

या कारागिरांसाठी केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील १८ व्यवसायांत लोहार, सुतार, कुलूप बनवणारे हे तर आहेतच, शिवाय हातोडा व हत्यारसंच बनवणारे असा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पुढे पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद तिच्यात आहे. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. सरपंच व ग्रामसेवक मंडळींनी गावातील लोहार-सुतारांचे अर्ज अडकून राहू देऊ नयेत. पंधरा हजारांची हत्यारे ज्याला मिळतील त्यानेही आधी ती ठेवायची पेटी नीट करावी.

ग्रामपंचायतीची आणि गटाची पेटी

घरच्या पेटीतला पाना हरवला तर घरातच भांडण होते. गावच्या पेटीतला हरवला तर अख्खी वाडी पाण्यावाचून राहते. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर हातपंप हाच आधार आहे.

हा हातपंप, म्हणजे इंडिया मार्क दोन, आपल्या महाराष्ट्राशी नाते सांगणारा आहे. १९६० च्या दशकात जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या मंडळींनी दगडाच्या बोअरसाठी लोखंडी पंप तयार केले. त्यातल्या सोलापूर पंपाच्या आधारावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क दोन घडला. तो देशभर चालला तो एकसारख्या सुट्या भागांमुळे आणि ठरलेल्या हत्यारसंचामुळे. वरची पेटी उघडायला १७-१९ चा पाना, ३२ मिलिमीटरचे पाईप धरायला शिकंजा, ते उचलायला लिफ्टर, १२ मिलिमीटरची सळई धरायला वेगळे साधन, असा तो संच आहे. यातले एक हत्यार नसेल तरी पाईप वर येत नाहीत किंवा हातातून निसटून बोअरमध्ये जातात. दुरुस्ती पथकाचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी या संचासाठी १८ इंची हातपेटी घेऊ नये. अडीच-तीन फूट लांब, १८ गेज तळाची, दोन टोकांना दोन मुठींची, दोघांनी उचलायची पेटीच हवी.

अवजारे बँकांचेही तेच आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि त्यातून गटांना अवजारे बँका मिळू लागल्या. रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र गटाच्या शेडमध्ये उभे असते. पण त्याचा एक बोल्ट आवळायला पाना शेजारून मागून आणावा लागतो. यंत्रासोबत पेटी घेतलीच पाहिजे आणि तिचा सांभाळ असा ठेवावा:

पेटी जडवस्तू नोंदवहीत किंवा गटाच्या साठा वहीत नोंदवावी, आतल्या प्रत्येक हत्याराच्या संख्येसह. तीच यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. प्रत्येक हत्यारावर ग्रामपंचायतीचा किंवा गटाचा रंगाचा पट्टा ओढावा. किल्ल्या दोन असाव्यात. एक सांभाळणाऱ्याकडे, दुसरी कार्यालयात. हत्यार देताना तारीख, नाव आणि सही घ्यावी. जपानमधील कारखान्यांत हत्याराच्या जागी त्याच हत्याराची आकृती रंगवतात. जागा रिकामी दिसली की काय गेले ते लगेच कळते. आपल्या शेडच्या भिंतीवरच्या फळीला हे सहज करता येते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते समजते.

जिवाला जपा

पेटीच्या गोष्टी करताना चार सूचना विसरून चालणार नाहीत. पंपघरातली पेटी उघडताना आधी काठीने झाकण वर करावे, मग हात घालावा. विंचवाला अशी थंड, अंधारी जागा आवडते. पेटीत कीटकनाशकाची बाटली, फवारणीचे नोझल साफ करायचे फडके ठेवू नये. त्याच पेटीतल्या हाताने आपण भाकरी खातो. विजेच्या कामाची पक्कड आणि पेचकस यांच्या मुठीचे आवरण फाटले असेल तर ते हत्यार पेटीतून बाहेर काढावे, त्यावर टेप गुंडाळून चालवू नये. डीपीवर चढायचे हत्यार शेतकऱ्याच्या पेटीत असतच नाही. ते काम वायरमनचे आहे. सौर पंपाच्या पट्ट्यांचे बोल्ट आवळायला हरकत नाही, पण हमीच्या काळात कंट्रोलर उघडू नये.

कुठे बघाल?

सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तशी शेतीउपयोगी साहित्याचीही दुकाने लागतात. तिथे चार पेट्या शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये पत्राकाम, जोडारी, वेल्डिंग शिकवणारे निदेशक असतात. त्यांना एकदा पेटी दाखवली तर पत्रा आणि जोड ते क्षणात सांगतील.

पेटी घेतल्यावर तिची वर्षातून एकदा तरी झडती झाली पाहिजे आणि त्यासाठी आपल्याकडे दिवस ठरलेलाच आहे. खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून पूजतो. यंदा पूजेआधी झाकणातली यादी वाचावी, एकेक हत्यार मोजावे, मोडके बाजूला काढावे, हरवलेले दसऱ्याच्या बाजारात घ्यावे, तळाला रंगाचा एक हात द्यावा. खरीप निघत असतो, रब्बीची पेरणी पुढे असते, मोटारी पुन्हा सुरू होणार असतात. पाण्याची पहिली पाळी येण्याआधी पेटी भरलेली आणि जागेवर असली पाहिजे.